जोशुआचे झाड कुरूप का ठरले?

प्रश्न : वेताळ टेकडीवरचा निवडुंग पाहताना आठवले. अमेरिकेतील मोहावे वाळवंटातल्या जोशुआ वृक्षाला जुन्या प्रवाशांनी कुरूप का म्हटले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : १८४४ मध्ये अमेरिकी सर्वेक्षक जॉन फ्रेमाँट यांनी त्याला वनस्पतिसृष्टीतील सर्वांत किळसवाणे झाड ठरवले, कारण सावली, लाकूड आणि शेतजमीन शोधणाऱ्या नजरेला ताठ, काटेरी पानांचे हे झाड परकेच वाटणार. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकारांना मात्र, प्रचलित कथेनुसार, त्याच्या फांद्यांत हात उंचावून वाट दाखवणारा बायबलमधील जोशुआ दिसला. तेथील मूळ रहिवासी काहुइया लोक त्याच्या पानांपासून टोपल्या व चपला विणत, कळ्या आणि बिया खात. मला त्यांचीच ओळख सर्वांत खरी वाटते. वाळवंटी वनस्पतींच्या रक्षणासाठी झटणाऱ्या मिनर्वा हॉइट यांच्या चिकाटीमुळे १९३६ मध्ये या वृक्षांचा प्रदेश संरक्षित झाला.