जगाची काळजी आणि बैठकीतले मौन

(पत्र संक्षेपाने देत आहे.)

"माझे वय ४१. एका उत्पादक कंपनीच्या खरेदी विभागात मी जबाबदारीच्या पदावर आहे. गेले आठ महिने मला नीट झोप लागत नाही. हवामानबदल, माणसांची कामे गिळणारी यंत्रे, समाजात वाढलेला द्वेष यांविषयी मी मध्यरात्र उलटेपर्यंत वाचत राहतो, आणि आपल्या हाती काहीच नाही या जाणिवेने छाती दडपते. पत्नी म्हणते, जगाच्या काळजीत तू घरात नसतोसच. गेल्या महिन्यात कंपनीच्या अहवालात कारखान्याचा कचरा निम्म्यावर आल्याचे दाखवले गेले. प्रत्यक्षात तो फक्त कंत्राटदाराच्या नावावर चढला आहे. बैठकीत हे सर्वांना ठाऊक होते, पण कोणीच बोलले नाही, मीही नाही. नोकरी सोडून काहीतरी मोठे काम हाती घ्यावे असे वाटते. सोडू का?"
– जागा वाचक

स. न. वि. वि.

तुमचे मूळ पत्र तीन पानांचे आहे. त्यातली जवळजवळ सगळी जागा जगाने व्यापली आहे आणि कचऱ्याची गोष्ट तुम्ही शेवटी चार ओळींत उरकली आहे. मला मात्र तुमच्या जागरणाचे मूळ त्या चार ओळींतच असावे असे वाटते.

जगाविषयीची तुमची काळजी खोटी आहे, असे मी म्हणत नाही. पण तिचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोन अभ्यासकांनी १९७३ मध्ये असे मांडले की गणिताचे कोडे सुटले की सुटले, समाजाचे प्रश्न मात्र तसे नसतात. त्यांची व्याख्याच पक्की होत नाही आणि "आता काम संपले" असे सांगणारी खूणही त्यांत नसते. अशा प्रश्नावर रात्री एकटे बसून वाचणारा माणूस शेवटचे पान शोधत असतो आणि ते पान तर छापलेलेच नसते. शिवाय (हे थोडे टोचेल) जो प्रश्न कधीच संपणार नाही, त्याची काळजी करण्यात एक सोयही असते, कारण तो उद्या सकाळी कोणासमोर तोंड उघडायला सांगत नाही.

आता त्या बैठकीकडे येऊ. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवले आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर येऊन धुराची वर्दी दिली. पण सोबत मुद्दाम निर्विकार बसवलेले दोघे असले, तेव्हा १० जणांपैकी एकानेच ती दिली. बाकीचे खोकले, त्यांनी डोळे चोळले आणि ते प्रश्नावली भरत राहिले. ही माणसे भित्री होती असे मला वाटत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचा शांत चेहरा पाहिला आणि त्यावरून धुराचा अर्थ लावला. तुमच्या बैठकीतही हेच झाले, आणि तुमचा गप्प चेहरा पाहूनही कोणीतरी आपला अर्थ लावलाच असेल.

"आपल्या हाती काहीच नाही" या भावनेचे काय? मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये असे मांडले होते की टाळता न येणारा त्रास वारंवार भोगलेला प्राणी हतबलता शिकतो. जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या पुराव्यांच्या आधारे आपलेच म्हणणे उलटे केले. दीर्घ त्रासात हातपाय गाळणे ही मेंदूची मुळातलीच प्रतिक्रिया आहे, शिकावी लागते ती आपल्या कृतीने फरक पडतो ही गोष्ट. हे वाचून मला तरी मोठा दिलासा मिळाला होता. मात्र ती गोष्ट बातम्या वाचून शिकता येत नाही. त्यासाठी फरक दिसेल इतकी लहान कृती लागते.

मोठी कामेही बहुधा अशाच आटोपशीर प्रश्नातून निघालेली असतात. शेरवूड रोलँड आणि मारियो मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी जग वाचवायचे म्हणून सुरुवात केली नव्हती. फवारणीच्या डब्यांतून आणि शीतयंत्रांतून सुटलेले विशिष्ट वायू शेवटी जातात कुठे, एवढेच त्यांना शोधायचे होते. ते वायू वर जाऊन ओझोनचा थर विरळ करतात, असे उत्तर त्यांनी १९७४ मध्ये मांडले, तेव्हा उद्योगांनी ते झिडकारले. ओझोन थराच्या रक्षणासाठी माँट्रियलचा करार व्हायला १९८७ साल उजाडले. मधली १३ वर्षे त्यांनी तेच म्हणणे पुन्हा पुन्हा सांगितले.

तुमचाही प्रश्न तसाच आहे: कचरा जातो कुठे?

तेव्हा राजीनामा आत्ता देऊ नका. आठ महिने न झोपलेल्या माणसाने असा निर्णय घेऊ नये, आणि आधी डॉक्टरांना भेटावे. याबाबत मी चर्चा करणार नाही. नंतर हिशेब पाहणाऱ्या सहकाऱ्याला एकट्याला गाठा. अशा आकड्याने त्यालाही बहुधा अस्वस्थ केले असेल. पुढच्या बैठकीत आरोप करू नका, प्रश्न विचारा: "कंत्राटदाराकडे गेलेला माल या आकड्यात धरला आहे का?" प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला सांगा. याची किंमत मोजावी लागणार नाही, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. कदाचित वरिष्ठांची नाराजी ओढवेल, बढती लांबेल. म्हणूनच बैठकीआधी पत्नीला सगळे सांगा. जगाविषयी ती पुष्कळ ऐकून आहे, या अहवालाविषयी तिला तुम्ही काही सांगितल्याचे पत्रात कुठे दिसत नाही.

दोन-तीनदा विचारूनही तोच आकडा छापला गेला, तर मग नोकरीचा प्रश्न खरोखर उभा राहील. तेव्हा पुन्हा लिहा. त्या वेळी तुम्ही काय सोडता आहात आणि कशासाठी, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येईल.