आईलाही खुर्चीत बसव

प्रिय डॉक्टर,

तालुक्याला दातांचा दवाखाना थाटलास, बरं वाटलं. कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह असल्या यंत्रांचं तू निभावशील. मला वेगळंच सांगायचंय. बाई स्वतःच्या दातांसाठी सहसा येत नाही. पोराला नाहीतर सासूला घेऊन येते. तेव्हाच म्हणायचं, "ताई, तुमचंही बघू का?"

पोटुशी असेल तर हिरड्यांतून रक्त येतं म्हणून तिनं ब्रशच सोडलेला असतो. बाळ दातांतलं कॅल्शियम ओढतं, असं घरच्यांनी सांगितलेलं असतं. दातांतून कॅल्शियम असं निघत नाही. संप्रेरकांमुळे थोड्याशा किटणानंही हिरड्या सुजतात. अशा वेळी ब्रश मऊ घ्यायचा, पण रोज घासायचंच. फक्त उलटीनंतर लगेच नाही, कारण आम्लानं दाताचं वरचं आवरण मऊ पडलेलं असतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ, आणि अर्ध्या-एक तासानं ब्रश.

दाढ ठणकत असेल तर "बाळंतपणानंतर या" म्हणू नकोस. मी सुरुवातीला एकीला तसं परत पाठवलं. आठवड्यात ती सुजलेला गाल घेऊन आली. चौथा ते सहावा महिना कामाला सोयीचा, पण पू झाला असेल तर महिने मोजत बसायचं नाही. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मात्र लिहू नकोस, बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात.

आता मशेरी. "तंबाखू खाता का?" विचारलंस तर "नाही" म्हणतील, आणि त्यांच्या मते ते खरंच असतं. "सकाळी दात कशानं घासता?" असं विचार. मग तव्यावर भाजलेल्या तंबाखूची पुडी निघते. गालाच्या आत, ओठामागे, जिभेखाली पांढरा-लाल चट्टा आहे का, नीट बघ, बोटानं चाचप.

पन्नाशीची बाई म्हणेल, तोंड कोरडं पडतं, साधी आमटीही झोंबते. हसून सोडू नकोस. पाळी कधी गेली, गोळ्या कुठल्या चालू आहेत, ते विचार. आणि दात काढण्याआधी आणखी एक: "हाडांसाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइन घेता का?" बिस्फॉस्फोनेट, म्हणजे हेच हाडांचं औषध, घेणाऱ्या काही जणींची दात काढल्यावरची जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं. ती आपणहून सांगणार नाही. तिच्या लेखी ती कंबरदुखीची गोळी.

केसपेपर अजून छापायला टाकला नसशील तर थांब, माझा नमुना पाठवते. त्यात गोळ्यांसाठी अर्धं पान सोडलंय.

तुझी,
मॅडम