वाचकांचे प्रश्न : ‘पुणे’चं ‘पुण’ का होतं?

प्रश्न : पतसंस्थेसाठी कोटलिनमध्ये (अँड्रॉइडची ॲप लिहायची भाषा) ॲप केलं आहे. सभासदाच्या नावाचं पहिलं अक्षर गोलात दाखवतो, पण ‘शिल्पा’च्या गोलात नुसता ‘श’ येतो. ‘शेतकऱ्यांचा’ असं शोधलं तर काही नोंदी सापडतात, काही डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. तोच डेटा स्विफ्टमध्ये लिहिलेल्या आयफोनच्या ॲपमध्ये शोधला, तर जास्त नोंदी मिळतात. चूक कुठे आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी गोलाचं पाहू. तुम्ही ‘शि’ला एक अक्षर समजता, कोटलिनची स्ट्रिंग, म्हणजे साठवलेला मजकूर, समजत नाही. ती यूटीएफ-१६ या साठवणपद्धतीच्या एककांची माळ असते आणि देवनागरीतला प्रत्येक वर्ण, मात्रा, हलन्त असं एकेक एकक मोजलं जातं. ‘शिल्पा’ म्हणजे श, इकार, ल, हलन्त, प, आकार, लांबी ६. त्यातलं पहिलं एकक ‘श’, म्हणून गोलात ‘श’. ‘पुणे’ची लांबी ४ भरते आणि त्यावर ‘टेक(३)’, म्हणजे पहिली तीन एककं घे, असं चालवलं की हातात ‘पुण’ उरतं. फ्लटरची ॲप जिच्यात लिहितात त्या डार्ट भाषेचंही असंच आहे.

स्विफ्टने वेगळा मार्ग धरला. तिथे डोळ्यांना जे एक दिसतं तेच एक ‘कॅरेक्टर’, त्यामुळे ‘पुणे’ २ भरतं आणि ‘शि’ अखंड राहतो. याची किंमत मोजावी लागते : नाव[०] असं लिहिताच येत नाही, आणि लांबी काढायला स्ट्रिंग पहिल्यापासून चालत जावी लागते. मोठ्या मजकुरावर प्रत्येक फेरीत ‘काउंट’ विचारणारा लूप रांगायला लागतो, तो आकडा लूपच्या बाहेर एकदाच काढून ठेवावा. मराठी मजकुरासाठी आम्हाला हा सौदा रास्त वाटतो.

कोटलिनमध्ये अँड्रॉइडच्या आयसीयू या युनिकोड (सर्व लिपींचं संगणकीय मानक) लायब्ररीमधला ‘ब्रेकइटरेटर’ वापरा. तो एपीआय २४, म्हणजे अँड्रॉइड ७.० पासून आहे. कॅरेक्टर इन्स्टन्स घ्या, ‘सेटटेक्स्ट’ला नाव द्या, ‘नेक्स्ट’ जी सीमा देईल तिथपर्यंत शून्यापासून कापा. नाव रिकामं असेल तर ‘नेक्स्ट’ उणे १ परत करतो आणि कापताना ॲप पडतं, म्हणून ती तपासणी आधी. डार्टमध्ये हेच काम ‘कॅरेक्टर्स’ पॅकेज करतं.

जोडाक्षरांची खोच वेगळी. हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकत्र धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. आयसीयू फोनच्या प्रणालीसोबत येतं, त्यामुळे ‘क्षितिज’चा पहिला तुकडा नव्या फोनवर ‘क्षि’ आणि जुन्यावर ‘क्’ निघू शकतो. तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचा तुकडा त्याला जोडा, आणि हलन्त संपेपर्यंत जोडत राहा. मग सगळीकडे सारखंच दिसेल.

आता शोध. ‘शेतकऱ्यांचा’ मधला ‘ऱ्य’ तीन तऱ्हांनी टंकला जातो : तयार ऱ आणि हलन्त; साधा र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त; किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर (जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिले दोन युनिकोडच्या लेखी समान आहेत आणि स्विफ्ट तुलना करताना ते मानते. कोटलिन व डार्ट एककं जुळवतात, त्यांना ते वेगळेच वाटतात. तुमच्या दोन ॲपमधला फरक इथून येतो. तिसरी तऱ्हा मात्र स्विफ्टलाही पहिल्या दोन्हींशी जुळवता येत नाही.

उपाय : डेटाबेसमध्ये शोधासाठी वेगळा कॉलम ठेवा. त्यात नाव भरताना आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला, मग ‘नॉर्मलायझर’ने एनएफसी, म्हणजे युनिकोडचं ठरलेलं जोडलेलं, रूप करा. वापरकर्त्याने टंकलेल्या शब्दावरही तेच संस्कार, त्याच क्रमाने. मूळ नावाच्या कॉलमला हात लावू नका. पासबुकावर माणसाचं नाव त्याने दिलं तसंच छापलं गेलं पाहिजे.

प्रश्न : कोटलिनमध्ये फील्ड ‘स्ट्रिंग’ आहे, पुढे प्रश्नचिन्ह नाही, म्हणजे तिथे नल (रिकामी किंमत) चालत नाही, तरी नल पॉइंटरच्या चुकीने ॲप पडतं. सर्व्हरकडून जेसन रूपात आलेला डेटा जीसॉन लायब्ररीने वाचतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोटलिनचा शब्द कोटलिनच्या कंपायलरपुरता. जीसॉन जावाची लायब्ररी आहे. प्रश्नचिन्हाचा अर्थ तिला ठाऊक नाही. विनापॅरामीटर कन्स्ट्रक्टर सापडला नाही तर ती कन्स्ट्रक्टर न चालवताच ऑब्जेक्ट उभा करते. सर्व्हरने फील्ड पाठवलं नाही की तिथे नल राहतो, तुम्ही दिलेली डीफॉल्ट किंमतही लागत नाही. ॲप पडतं ते पुढे दोन स्क्रीननंतर, कुठेतरी ‘ट्रिम’वर, म्हणून कारण हाती लागत नाही.

‘कोटलिनएक्स सीरियलायझेशन’ या कोटलिनच्या लायब्ररीकडे वळा. हवं ते फील्ड नसेल तर ती वाचतानाच थांबते आणि फील्डचं नाव सांगते. दोन गोष्टी आधीच करून ठेवा. ‘इग्नोअर अननोन कीज’ चालू करा, नाहीतर सर्व्हरवर एक नवं फील्ड आलं की लोकांच्या फोनमधली जुनी ॲप बंद पडतील. आणि प्रश्नचिन्हवाल्या फील्डलाही ‘= नल’ लिहा; नुसत्या प्रश्नचिन्हाने ते ऐच्छिक होत नाही.

प्रश्न : फ्लटरमध्ये मोठं जेसन ‘असिंक’ फंक्शनमध्ये वाचतो, तरी यादी अडखळते.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘असिंक’ म्हणजे वेगळा थ्रेड नव्हे. वाट पाहण्याचा वेळ त्याने मोकळा होतो, पण जेसन फोडण्याचं काम त्याच आयसोलेटमध्ये (डार्टच्या कामाचा स्वतंत्र कप्पा) चालतं जिथे पडदा रंगतो. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १२० हर्ट्झवर ८.३. काम त्याहून लांबलं की फ्रेम गळते. डार्ट २.१९ पासून ‘आयसोलेट.रन’ आहे, फोडणं त्यात टाका. आत दिलेलं फंक्शन विजेटच्या स्टेटला धरून असेल तर ‘इलीगल आर्ग्युमेंट’ची चूक येते, म्हणून फंक्शन टॉप-लेव्हल किंवा स्टॅटिक ठेवा. वेग खऱ्या फोनवर प्रोफाइल मोडमध्येच मोजा; डीबगमध्ये कोड जेआयटीने, म्हणजे चालता चालता भाषांतर होत, चालतो, ते आकडे धरू नका.