जुन्या ३५ मिमी स्लाइड्स टीव्हीवर दाखवायच्या आहेत. किती डीपीआयला स्कॅन करू?

४के टीव्हीसाठी ३००० डीपीआय (म्हणजे दर इंचाला ३००० ठिपके) पुरे, त्याहून जास्तीचा फायदा टीव्हीवर दिसणार नाही. हिशोब सरळ आहे: स्लाइडवरचं चित्र ३६ × २४ मिमी, म्हणजे रुंदी साधारण १.४२ इंच, टीव्हीची रुंदी ३८४० पिक्सेल. भागाकार येतो सुमारे २७००. फुल एचडी टीव्हीला याच्या निम्मं चालतं, पण स्कॅन एकदाच होतं, म्हणून ३००० धराच. स्कॅनर मात्र स्लाइडमधून उजेड आरपार सोडणारा हवा. कागदपत्रांच्या साध्या स्कॅनरवर स्लाइड काळपट येते. आधी हवेच्या ब्लोअरने धूळ उडवा, फडक्याने पुसू नका. चित्र ३:२ आणि टीव्ही १६:९, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. येऊ द्या! त्या घालवायला चित्र कापलं तर वरची डोकी आणि खालचे पाय जातात. जेपीईजी फायलींना ००१, ००२ अशी नावं देऊन पेनड्राइव्हवर टाका, म्हणजे नावाप्रमाणे लावल्यावर क्रम बिघडत नाही.

एक खबरदारी: फ्रेमवर ‘कोडाक्रोम’ छापलेलं असेल तर स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई (धूळ ओळखून ती चित्रातून आपोआप पुसणारी सोय) बंद ठेवा. त्या फिल्मवर ती चित्रातले बारकावेच धूळ समजून पुसू शकते.