पहिला आठवडा चुकला की चौकशी चुकते

वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयातल्या तक्रारी आणि सुरक्षितता

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल घेणारे एक सर शिकवण्याच्या निमित्ताने अंगाला खेटून उभे राहतात. जूनपासून रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजही येतात. इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. मैत्रिणी म्हणतात, सगळं डिलीट कर, ब्लॉक कर आणि वर्ष काढ. तक्रार करायची झाली तर कशी करू?

उत्तर : डिलीट काहीही करू नका. तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यात तारीख-वेळ दिसते आहे ना ते बघा. नंबर ‘सर’ या नावाने सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटवर नुसतं नाव येतं, आणि मग ‘हा माझा नंबरच नाही’ म्हणायला समोरच्याला वाट मिळते. त्यामुळे प्रोफाईल उघडून नंबर दिसेल असा एक वेगळा स्क्रीनशॉट काढा. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. फोन विकू नका, रीसेट करू नका. प्रकरण पुढे कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं. एवढं झालं की खुशाल ब्लॉक करा.

मुदत लक्षात ठेवा. शेवटचा प्रकार घडला त्या तारखेपासून तीन महिन्यांत अंतर्गत तक्रार समितीकडे, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीकडे, लेखी अर्ज गेला पाहिजे. पुरेसं कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, पण तिला ती कारणं लिहून ठेवावी लागतात. त्यावर विसंबून राहू नका.

आता अर्ज. ‘सर मला त्रास देतात, त्यांचं वागणं चांगलं नाही’ या वाक्यावर चौकशी करताच येत नाही, कारण त्यात नाकारण्यासारखंही काही नाही. त्याऐवजी असं लिहा : ‘अमुक तारखेला दुपारी साडेतीनच्या प्रॅक्टिकलला मी मागच्या ओळीतल्या बाकावर ब्युरेट भरत होते. सर उजवीकडून आले, रीडिंग दाखवतो म्हणत माझ्या कमरेवर हात ठेवला. मी बाजूला सरकले, तर ते पुन्हा जवळ आले. डावीकडच्या बाकावर अमुक आणि अमुक होत्या.’ प्रत्येक प्रसंग वेगळ्या परिच्छेदात लिहा. नेमकी तारीख आठवत नसेल तर ‘सबमिशनच्या आदल्या आठवड्यात’ असं लिहा. अंदाजाने तारीख टाकू नका. ती चुकली की उलटतपासणीत पहिला घाव तिथेच पडतो. त्या दिवशी तुम्ही कुणाला फोन केला असेल, मैत्रिणीला मेसेज केला असेल, तर तेही लिहा. त्याच दिवशी कुणाला तरी सांगितलेलं असणं याला चौकशीत वजन असतं.

मार्कांची भीती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय नियमांतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार चौकशी चालू असताना त्या व्यक्तीला तुमचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं, तुमची किंवा त्यांची बॅच बदलता येते, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. हे अर्जाच्या शेवटी स्पष्ट मागा : ‘माझी इंटर्नल व प्रॅक्टिकल परीक्षा दुसऱ्या परीक्षकाकडून घ्यावी.’ मागितलं नाही तर पुष्कळदा समितीला सुचतही नाही.

अर्जाच्या सहा प्रती करा. मेसेजच्या प्रिंट आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडा. पीठासीन अधिकाऱ्यांच्या (समितीच्या प्रमुखांच्या) नावाने बंद पाकिटात द्या, आवक टेबलावर उघडा कागद ठेवू नका. तुमच्या प्रतीवर तारीख, नाव, सही आणि शिक्का अशी पोच घ्या. त्याच दिवशी तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. समितीकडे गेलं म्हणजे पोलिसांकडे जाता येत नाही, असं अजिबात नाही. दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात आणि गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

प्रश्न : माझी नुकतीच समितीच्या पीठासीन अधिकारी म्हणून नेमणूक झाली. पहिलीच तक्रार एका विद्यार्थिनीची, तीही एका विभागप्रमुखांविरुद्ध. समितीत दुसरे एक विभागप्रमुख आहेत, बाहेरच्या सदस्याची जागा रिकामी आहे. वरून निरोप आला आहे की आपसात मिटवा. कुठून सुरुवात करू?

उत्तर : समितीच्या रचनेपासून. रचना चुकीची असेल तर तीन महिने राबून केलेला अहवाल एका मुद्द्यावर कोर्टात रद्द होऊ शकतो आणि त्या मुलीला सगळं पुन्हा सांगावं लागतं.

महाविद्यालयात पीठासीन अधिकारी सहयोगी प्राध्यापक या दर्जाखालची नसलेली महिला प्राध्यापिका हवी. तिच्यासोबत दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि या विषयात काम करणारा बाहेरचा एक सदस्य लागतो. प्रकरणात विद्यार्थी असतील तर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन अशा पातळ्यांवरून निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही. एकूण सदस्यांत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरच्यांना समितीत बसताच येत नाही. म्हणजे तुमच्याकडच्या विभागप्रमुखांना आज बाजूला व्हावं लागेल, आणि बाहेरचा सदस्य नेमल्याशिवाय पहिली बैठक घेऊ नका. दोन्हींसाठी प्राचार्यांना आजच्या तारखेचं पत्र द्या.

त्याच दिवशी दुसरं पत्र सीसीटीव्हीसाठी. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) भरला की जुन्या चित्रणावर नवं चढतं, आणि अनेक ठिकाणी हे काही आठवड्यांतच होतं. अमुक कॅमेरा, अमुक तारीख, अमुक ते अमुक वेळ असं लिहून ते चित्रण वेगळ्या पेनड्राईव्हवर काढून सीलबंद करायला सांगा. प्रॅक्टिकलची हजेरी, वेळापत्रक, लॅबच्या चावीचं रजिस्टर यांच्या साक्षांकित प्रतीही लगेच घ्या. रजिस्टरांमध्ये मागाहून ओळी वाढतात.

पुढच्या मुदती अशा. तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत ज्यांच्याविरुद्ध ती आहे त्यांना प्रत द्यायची. त्यांनी दहा दिवसांत कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या यादीसह उत्तर द्यायचं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, ती संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल द्यायचा आणि व्यवस्थापनाने तीस दिवसांत त्यावर कारवाई करायची. नव्वद दिवस पुष्कळ वाटतात, पण त्यात परीक्षा येतात, दिवाळीची सुट्टी येते. बैठकांच्या तारखा पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.

जबाब घेताना दोघांना समोरासमोर बसवू नका. एका बाजूला दुसरीला विचारायचे असलेले प्रश्न लेखी घ्या, गैरलागू असतील ते वगळा आणि उरलेले समितीने विचारा. ‘इतके दिवस गप्प का राहिलीस’, ‘त्या दिवशी काय घातलं होतंस’ हे प्रश्न कुणी विचारले तर तिथेच थांबवा आणि इतिवृत्तात नोंदवा. वकील कुणालाही आणता येत नाही. जबाबाच्या प्रत्येक पानावर सही घ्या आणि देणाऱ्याला ते वाचायला पुरेसा वेळ द्या. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनाही प्रत्येक कागद दाखवून उत्तराची पूर्ण संधी द्या. हा त्यांचा हक्क आहे, आणि तो डावलला तर अहवाल टिकत नाही. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे ते बघायचं असतं. मात्र ‘आम्हाला असं वाटतं’ एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. कुणाचा जबाब का ग्राह्य धरला, कुणाचा का नाही, ते एकेका मुद्द्यावर लिहा.

राहिलं ‘मिटवा’. समझोता फक्त तक्रारदाराने स्वतःहून मागितला तरच होतो, आणि तो पैशांच्या आधारावर होऊ शकत नाही. तिच्या लेखी मागणीशिवाय तो विषय बैठकीत घेऊ नका. आलेला निरोप तोंडी असेल तर तो लेखी मागा. बहुतेकदा मग तो येतच नाही.

आणखी एक. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून मुलीवर कारवाईची शिफारस केलीत तर तो अन्याय होईल आणि ते कायद्यातही बसणार नाही. तिने मुद्दाम, द्वेषाने खोटं सांगितलं हे चौकशी करून वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

प्रश्न : लैंगिक छळाची तक्रार मुलाने केली तर समिती घेते का?

उत्तर : ‘हा आमचा विषय नाही’ असं म्हणून परत पाठवता येत नाही. काही पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडतात हे मान्य करून, त्यांच्याबाबतही ठोस पावलं उचलण्याची जबाबदारी २०१५ च्या विनियमांनी संस्थेवर टाकली आहे. अर्ज वर सांगितल्याप्रमाणेच लिहा आणि पोच घ्या.

प्रश्न : आमच्याकडे ज्युनिअर कॉलेजही आहे. अकरावीतल्या सतरा वर्षांच्या मुलीने मला, म्हणजे तिच्या वर्गशिक्षिकेला, एका कर्मचाऱ्याने केलेल्या अतिप्रसंगाबद्दल सांगितलं. आई-वडिलांना पोलीस नको आहेत. समितीकडे देऊ का?

उत्तर : नाही, पोलिसांकडे, आणि आजच. अठरा वर्षांखालच्या मुलांना पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा लागू होतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती मिळाली त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. आई-वडिलांच्या संमतीची अट त्यात नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पालकांची भीती बहुधा पोलीस ठाण्याची असते. त्यांना सांगा की जबाब घरी किंवा मुलीला हव्या त्या ठिकाणी घेतला जातो, शक्यतो महिला उपनिरीक्षक तो घेतात आणि त्या गणवेशात नसतात. तुम्ही मात्र तिच्याकडून पुन्हा पुन्हा सगळं वदवून घेऊ नका. तिने जे शब्द वापरले ते तसेच, वेळेसह, लिहून ठेवा आणि थांबा. मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

प्रश्न : मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. ‘इंट्रो’च्या नावाखाली रात्री पहिल्या वर्षाच्या मुलांना गच्चीवर नेतात असं कानावर येतं, पण कुणीच नाव सांगत नाही.

उत्तर : नाव येण्याची वाट बघू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी पथकाने अचानक भेटी द्यायच्या असतात, त्या रात्री अकरा ते दोन या वेळेत द्या आणि वार बदलत ठेवा. गच्ची, टाकीमागची जागा, न्हाणीघर आणि मेसच्या मागचा भाग आधी बघा, खोल्या नंतर. किती वाजता गेलात, कोण कुठे होतं, ते वहीत लिहा. गच्चीची चावी सुरक्षारक्षकाकडे असेल तर ती रात्री कुणी नेली याची नोंद सुरू करा. पहिल्या वर्षाच्या मुलांना वेगळा मजला द्या. प्रत्येकाशी एकेकट्याने, दिवसा आणि वसतिगृहाबाहेर बोला. १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

प्रकार समोर आला की ‘माफी मागायला लावू’ हा मार्ग धरू नका. माफी मागून झाल्यावर त्याच रात्री त्याच मजल्यावर काय होतं, याची कल्पना तुम्हाला असेलच. रॅगिंगमध्ये गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत एफआयआर नोंदवायचा असतो. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करावी लागते, आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला महाविद्यालयातून काढून टाकतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार दाबणाऱ्या प्रमुखाला या गुन्ह्यात साथ दिली असं धरलं जातं. प्राचार्यांना पत्र लिहिताना ही शेवटची तरतूद जरूर टाका.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी गॅदरिंगची तयारी करतोय. सभागृह ६०० खुर्च्यांचं आहे, गायक आले की हजारावर मुलं येतील. दीड-दीड मीटरची दोन दारं आहेत. पुरेल का?

उत्तर : सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडू शकतात, पायऱ्यांवर सुमारे ६५. दोन्ही दारं पूर्ण उघडी असतील तर ६०० जणांना अडीच मिनिटं लागतील. एका दाराला कुलूप आणि दुसऱ्याची एकच फळी उघडी, असं अगदी सर्रास दिसतं. मग तोच वेळ दहा मिनिटांवर जातो. धूर झाला तर तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून ६०० पेक्षा जास्त पास छापू नका, त्यातूनही स्वयंसेवक आणि कलाकार वजा करा.

खरा धोका दाराबाहेर असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात पाऊस आल्यावर बाहेरचे लोक खुल्या सभागृहाच्या उतरत्या पायऱ्यांकडे लोटले आणि चौघांचा जीव गेला. तुमची रांग दारापासून तीसेक मीटर लांब, सपाट जागेवर, बांबूच्या आडोशांमधून वळवत आणा. पायऱ्यांवर कुणालाही थांबू देऊ नका. आत यायचं आणि बाहेर जायचं दार वेगळं ठेवा. चौरस मीटरमध्ये चारपेक्षा जास्त माणसं दिसली, म्हणजे माणसांचे खांदे एकमेकांना लागायला लागले, तर तिथे आणखी कुणाला सोडू नका. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्या. तो माइकजवळ उभा असावा आणि त्याला कुणाची परवानगी लागू नये. दोन्ही दारांच्या चाव्या कुणाकडे आहेत ते आदल्या दिवशी बघा, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी कुलपं काढून ऑफिसात नेऊन ठेवा.