बडी हॉली : झालेले काम आणि राहून गेलेले काम

प्रश्न : रॉक अँड रोलच्या आद्य प्रवर्तकांमध्ये चक बेरी, लिटल रिचर्ड यांच्या बरोबरीने अमेरिकी गायक बडी हॉलीचे नाव घेतले जाते. परंतु प्रसिद्धी मिळाल्यानंतर तो जेमतेम दीड वर्ष जगला. त्याची थोरवी त्याच्या गाण्यांमुळे आहे, की अकाली मृत्यूने दिलेल्या वलयामुळे? आणि तो जगला असता तर काय घडले असते, याविषयी काही ठामपणे सांगता येते का?

उत्तर : मृत्यूमुळे वलय निर्माण झाले हे खरेच आहे, मात्र हॉलीचा प्रभाव त्या मृत्यूची वाट पाहत थांबला नव्हता. १९५८ साली, हॉली हयात असताना, लिव्हरपूलमधील काही मुलांनी स्वतःच्या पैशाने आपली पहिली तबकडी मुद्रित करून घेतली आणि तिच्या एका बाजूसाठी हॉलीचे ‘दॅटल बी द डे’ हे गाणे निवडले. त्या मुलांत जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन होते. पुढे त्यांनी आपल्या समूहासाठी ‘बीटल्स’ हे नाव घेतले, त्यामागेही हॉलीच्या ‘क्रिकेट्स’ (म्हणजे रातकिडे) या समूहाच्या कीटकवाचक नावाची प्रेरणा होती. १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्स या समूहाने इंग्लंडमध्ये मोठे यश मिळवले, ते हॉलीच्याच ‘नॉट फेड अवे’ या गाण्यावर.

या मुलांना हॉलीमध्ये नेमके काय सापडले, हे समजण्यासाठी त्याच्या कामाची पद्धत पाहावी लागते. टेक्सासमधील लबक या गावी १९३६ साली जन्मलेल्या या तरुणाला डेका या ध्वनिमुद्रिका कंपनीने १९५६ मध्ये नॅशव्हिलला बोलावले खरे, पण तिथे निर्णय इतरांच्या हाती होते. ती ध्वनिमुद्रणे चालली नाहीत आणि करार संपला. त्यानंतर तो न्यू मेक्सिकोमधील क्लोव्हिस येथे नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत गेला. पेटी तासाच्या हिशेबाने नव्हे, तर गाण्यामागे पैसे घेत असे, आणि माझ्या मते ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट फार निर्णायक ठरली. घड्याळाचा धाक नसल्यामुळे चुकायला, पुन्हा वाजवायला, वेडेवाकडे प्रयोग करायला उसंत मिळाली. ‘एव्हरीडे’ या गाण्यात ड्रमऐवजी क्रिकेट्सचा ड्रमवादक जेरी अॅलिसन याने स्वतःच्या मांड्यांवर थापट्या मारून धरलेला ताल ऐकू येतो. ‘वर्ड्स ऑफ लव्ह’मध्ये हॉलीने आपल्याच आवाजावर आपला दुसरा आवाज चढवला आहे. स्वतः गाणे लिहायचे, आपल्याच साथीदारांसह वाजवायचे आणि मुद्रणाच्या तंत्रालाही रचनेचा भाग मानायचे, ही पुढे सर्वमान्य झालेली रीत इथे, १९५७ सालीच, जवळजवळ पूर्ण रूपात दिसते. गिटार, बास आणि ड्रम एवढ्या मोजक्या साधनांवर हे होऊ शकते, हे ऐकणाऱ्या प्रत्येक होतकरू मुलाला ते आपल्या आवाक्यातले वाटले असणार.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. येथे कल्पनेला लगाम घालून केवळ शेवटच्या काही महिन्यांतील कामावर विसंबावे, असे मला वाटते. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथे त्याने डिक जेकब्झच्या तंतुवाद्यवृंदासह चार गाणी मुद्रित केली. या गाण्यांवरून तो रॉक अँड रोल सोडून गोड भावगीतांकडे वळला असता, असे अनुमान अनेक जण काढतात. ते मला पटत नाही, कारण त्यांतील ‘ट्रू लव्ह वेज’ तेवढे हॉलीच्या लेखणीतले होते, बाकीची गाणी इतरांची होती आणि वाद्यरचनाही त्याची नव्हती. त्या मुद्रणातून गायक म्हणून त्याची झेप दिसते, दिशा मात्र ठरत नाही.

दिशेचा अधिक भरवशाचा पुरावा अन्यत्र आहे. त्याच वर्षी त्याने वेलॉन जेनिंग्ज या नवख्या गायकाची पहिली तबकडी निर्माता म्हणून तयार केली आणि तीत किंग कर्टिस या सॅक्सोफोनवादकाला साथीला घेतले. कंट्री या अमेरिकी ग्रामीण वळणाच्या संगीताच्या गायकाच्या साथीला रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा वादक आणून बसवावा, ही दृष्टी निर्मात्याची आहे. म्हणूनच एक मोठा गायक गेला यापेक्षा एक मोठा निर्माता घडण्याआधीच गेला, ही हानी मला अधिक वाटते.

त्याचा व्यवस्थापकही असलेल्या पेटीशी फारकत झाल्यामुळे पैसे अडकले होते, आणि त्या अडचणीपायी १९५९ च्या जानेवारीत तो कडाक्याच्या थंडीतील दौऱ्यावर निघाला. आयोवातील क्लिअर लेक येथील कार्यक्रमानंतर, ३ फेब्रुवारीच्या पहाटेआधी, त्याचे छोटे विमान कोसळले. सोबतचे गायक रिची व्हॅलेन्स व ‘बिग बॉपर’ जे. पी. रिचर्डसन आणि वैमानिकही त्यात गेले. हॉली २२ वर्षांचा होता.

दौऱ्यापूर्वी न्यूयॉर्कमधील घरात, केवळ गिटारच्या साथीने, त्याने काही नवी गाणी टेपवर गाऊन ठेवली होती. त्यांवर नंतर इतरांनी वाद्ये आणि कोरस चढवून ती बाजारात आणली. त्या आवृत्त्यांवरून हॉलीची पुढची वाट ठरवणे अन्यायाचे आहे, कारण त्या सजावटीत त्याचा एकही निर्णय नाही. पुढील काळातील संग्रहांतून मूळ, जोड न दिलेली मुद्रणेही प्रसिद्ध झाली आहेत. आपण ‘क्राइंग, वेटिंग, होपिंग’ आणि ‘लर्निंग द गेम’ ही दोन गाणी त्या मूळ रूपातच ऐकावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.