आधी पाय तयार कर, कार्बनची सायकल नंतर

गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं अशा सलग शर्यतीसाठी नाव घालतोयस, फार आनंद झाला! १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं नोकरी सांभाळून जमतं. पण त्यासाठी कार्बनच्या हलक्या, महागड्या सायकलसाठी कर्ज काढू नकोस. व्यावसायिक खेळाडूंचा सरावाचा आराखडाही उचलू नकोस. ते दुपारी झोपतात, तू ऑफिसात असतोस.

पैसे घालायचेच तर पायाला नीट बसणारे बूट, हेल्मेट आणि सायकलच्या फिटिंगवर घाल. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. ताठ होत असेल तर सीट खाली घे.

नवखे इथे चुकतात:

- रोज धापा टाकेपर्यंत पळतात. बराचसा सराव सोबत्याशी गप्पा मारता येतील इतका सावकाश हवा.
- अंतर एकदम वाढवतात. दमसास लवकर वाढतो, पण हाडं आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) मागे राहतात. मग नडगी दुखायला लागते.
- घड्याळातल्या वेगामागे धावतात. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत जातं. पहाटे पळ.

समुद्रात एकटा पोहू नकोस, पावसाळ्यात तर उतरूच नकोस.

पेडलवर किती जोर लागतो ते मोजणाऱ्या पॉवर मीटरचं पहिल्या शर्यतीनंतर बघू.